साहेबांच्या शर्टावरचा गुलाबी डाग

सकाळी सव्वाअकराला, आठवीच्या वर्गात, तपासणी अधिकाऱ्यांच्या पांढऱ्या शर्टावर खिशापासून पोटापर्यंत गुलाबी द्रावण उडालं. उडवणारा मी. याच तासावर माझी नोकरी कायम व्हायची होती.

तरी मी डगमगलो नाही. या प्रयोगात माझा हात धरणारा कुणी नाही! चुन्याच्या निवळीत फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले की गुलाबी रंग येतो. ही आम्लारीची खूण. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की तो आपोआप जातो. घरी माझ्याच पांढऱ्या कोटावर उडवून पाहिलं होतं. आजही कोटावरच उडवणार होतो, पण साहेब नेमके "बघू, बघू" करत मध्ये वाकले.

मुख्याध्यापिका बाई लिटमससारख्या रंग बदलत होत्या. "सर, हे काय केलंत!"

"बाई, आत्ता जाईल!"

"कोण, साहेब?"

"डाग!"

डाग ढिम्म. हवेच्या भरवशावर थांबायला वेळ नव्हता. साहेब दाराकडे बघू लागले होते.

"मुलांनो, उच्छ्वासात काय असतं?"

"कार्बन डायऑक्साइड!"

"मग फुंका!"

अख्खा वर्ग साहेबांच्या पोटावर तुटून पडला. साहेब वाढदिवसाच्या केकसारखे निमूट उभे. "अरे, गुदगुल्या होतायत!" बघता बघता डाग फिका झाला आणि गेला! साहेबांनीच पहिली टाळी वाजवली. "याला म्हणतात शिकवणं! शेरा घरी जाऊन निवांत लिहितो."

मी लगेच बायकोला फोन केला. "झालो कायम!"

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "सर, साहेबांच्या मिसेसनी शर्ट साबणाच्या पाण्यात टाकला. डाग परत आला!"

"येणारच. साबण आम्लारीधर्मी असतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

माहीत होतं. आठवीला शिकवलंही होतं. फक्त प्रयोगानंतर तो कोट मी धुवायला टाकला नव्हता.

बाई पुढे म्हणाल्या, "त्या विचारतायत, हा रंग कुणाचा? साहेब म्हणाले, वर्गातली पोरं पोटावर फुंकत होती. त्यावर त्या जास्तच भडकल्यात!"

मी निवळीची बाटली उचलली आणि तडक साहेबांचं घर गाठलं. वहिनी कमरेवर हात ठेवून मोरीच्या दारात उभ्या.

"वहिनी, हे शुद्ध विज्ञान आहे. साहेब, फुंका!"

दोघांनी फुंकलं. डाग गेला. वहिनींनी साबण फिरवला. डाग आला. पुन्हा फुंकलं, गेला. पुन्हा साबण, आला!

"विज्ञान कळलं," वहिनी म्हणाल्या. "आता शर्ट साबणातही पांढरा दिसेपर्यंत दोघांनी इथून हलायचं नाही."

आत्ता रात्रीचे साडेआठ. मी घासतोय, साहेब पाणी ओततायत. रंग थोडा उतरलाय, गेलेला नाही. शेऱ्याचा कागद टेबलावर कोराच आहे आणि साहेबांचं पेन वहिनींच्या हातात.