योहानाच्या नावानं आडवी बाटली

खेमसिंग राठोडाचं एक तत्त्व होतं: दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं नाही! दारव्ह्याच्या बसस्टँडमागं त्याचं ऑनलाइन कामांचं दुकान. सातबारा काढा, पीकविमा भरा, आंगठा लावा, निघा. "बारा वर्सांत माह्या हातून एक कागद इकडचा तिकडं झाला नाही," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा, आणि ऐकवताना जांभई द्यायचा. माणूस दमलेला होता हो! सकाळी सर्व्हर बंद, दुपारी लाइट बंद, आणि दोन्ही चालू असले की म्हाताऱ्यांचे आंगठे उमटत नाहीत. राबून राबून रेषाच गेलेल्या.

अशा माणसाकडं नागपूरच्या कपिलनं एक काम आणलं. युरोपातल्या एका छोट्या देशात सार्वमत होतं. तिकडच्या देशांचा जो मोठा संघ आहे, त्यात शिरायचं की नाही, हे लोकांनी ठरवायचं. तिथल्या एका ऑनलाइन चर्चेच्या पानावर तिथल्याच लोकांच्या नावानं मतं चिकटवायची, एवढंच. नावं तयार, फोटो तयार, मजकूरही तयार.

"पन हे लोक कोन हायेत?" खेमसिंगनं विचारलं.

"कोनीच नाहीत! म्हणून तर तुले सांगून राह्यलो."

सोमवारी त्यानं वीस 'हो' चिकटवले. बुधवारी कपिलचा पुन्हा फोन. "आता वीस 'नाही' टाक."

"अरे, परवा तर हो म्हणलो ना!"

"दोन्ही पार्ट्या आपल्याच हायेत, भाऊ."

हे ऐकून खेमसिंगला उलट बरं वाटलं. वीस इकडं, वीस तिकडं, म्हणजे आपण कोणाच्याच भानगडीत पडलो नाही! त्या चाळिसांत योहाना नावाची एक एकसष्ट वर्षांची निवृत्त मास्तरीण होती. तिच्या फोटोत मागं कोंबड्या होत्या. खेमसिंगला ती बाई फार आवडायची, निवांत दिसायची बिचारी.

आता मानीबाईंबद्दल सांगायला हवं. मानीबाई म्हणजे खेमसिंगची सासू, राहणार पळसतांडा. तांड्यावर भावसिंगचं देशी दारूचं दुकान होतं. मानीबाईंचा धाकटा मुलगा त्याच दुकानाच्या पायरीवर बसून बसून चाळिशीच्या आत गेला. त्यानंतर वर्षभर बाई दारोदार फिरल्या, सह्या गोळा केल्या, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आणि गावात बाटलीचं मतदान लावून घेतलं. मत फक्त बायांनी द्यायचं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभ्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान चालू, आडवीवर मारला तर बंद. यादीत सहाशे बारा बाया. त्यांतल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे तीनशे सात जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान उठणार. मतदान रविवारी.

पोस्टर जावयानंच बनवून दिलं होतं. खाली आडवी बाटली, वर डोळे वटारलेल्या मानीबाई, बाजूला त्यांचा फोन नंबर आणि मोठ्या अक्षरांत 'आडव्या बाटलीवरच शिक्का मारा!'

बुधवारी दुपारी तीन वाजता, योहानाचं 'नाही' चिकटवायचं राहिलं होतं तेवढ्यात मानीबाईंचा फोन आला.

"जवाईबापू, पोस्टर टाकलं का बायांच्या गटावर?"

"आत्ता टाकतो, याडी." याडी म्हणजे आई; सासूलाही तो याडीच म्हणायचा.

समोर एक आजोबा आंगठा पुसत उभे, मागं प्रिंटरमध्ये कागद अडकलेला. खेमसिंगनं दोन्हीकडं एकेक वस्तू चिकटवली, डोळे मिटले आणि एका दिवसात दोन मतदानांचं काम केल्याबद्दल स्वतःचं कौतुक केलं.

बारा वर्षांत पहिल्यांदाच कागद इकडचा तिकडं झाला होता!

पळसतांड्याच्या बायांच्या व्हॉट्सअॅप गटावर परदेशी भाषेतला दहा ओळींचा मजकूर आला. आणि तिकडं युरोपात, कोंबड्या पाळणारी योहाना आपल्या देशबांधवांना आडव्या बाटलीवर शिक्का मारायला सांगू लागली!

तिथं नुसता गोंधळ. 'हो'वाले म्हणाले, ही 'नाही'वाल्यांची धमकी आहे, ती रागीट म्हातारी पाहा. 'नाही'वाले म्हणाले, संघात गेलो की आपली दारू बंद होणार, हा घ्या पुरावा! एका वार्ताहर बाईला मात्र शंका आली. ही लिपी कोणाला वाचता येते, असं विचारत ती विद्यापीठात गेली, तर तिथं भेटली कोण? दारव्ह्याशेजारच्या आर्णीहून शिकायला गेलेली अर्पिता!

शुक्रवारी समाजमंदिरात बायांची बैठक भरली होती. मानीबाईंच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. एक गोरी बाई आणि शेजारी अर्पिता.

"मावशी, मी आर्णीची अर्पिता. ह्या बाई पेपरवाल्या हायेत. त्या इचारतात, तुमी त्यायच्या देशाच्या मतदानात काहून पडल्या?"

"मी? मले माह्याच गावचं मतदान निस्तरत नाही!"

"मंग योहाना कोन हाय?"

"कोन योहाना? यादीत नाव हाय का तिचं?"

अर्पितानं सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "मावशी, तुमचं पोस्टर कोनी बनवलं?"

मानीबाईंनी एकदा भिंतीवरच्या पोस्टरकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "जवायानं."

दारात भावसिंगची माणसं उभी होती. त्यांना फोनमधली गोरी बाई तेवढी दिसली. दिवस मावळायच्या आत तांडाभर झालं: मानीबाईला परदेशातून हुकूम येतो! आधी दुकान उठवणार, मग तांडाच उठवणार! पुरावा? गटावरचा तो परदेशी मजकूर! ज्या बाया कालपर्यंत पुढं होत्या, त्या दारं लावून घेऊ लागल्या.

शनिवारी सकाळी मानीबाई जीपनं दारव्ह्याला आल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी विचारायच्या आतच खेमसिंगनं सगळं सांगून टाकलं. लपवायलासुद्धा ताकद लागते, आणि ती त्याच्यात नव्हती.

"सह्या तपासायच्या वक्ती भावसिंगनं बाहेरगावच्या बाया आनल्या होत्या," मानीबाई शांतपणे म्हणाल्या. "आपल्या गावच्या म्हणून उभ्या केल्या, 'आमी सही नाही केली' म्हणायले. अकरा जनी मी हाकलल्या. अन् तुमी? तुमी त्या लोकायच्या गावात चाळीस घुसवल्या!"

"पन याडी, वीस हो अन् वीस नाही..."

"म्हंजे दोन्हीकून खोटं!"

खेमसिंगला खरोखर लाज वाटली, आणि बारा वर्षांचा सगळा थकवा एकदम अंगावर आला.

चार वाजता तांड्यावरच्या सेवालाल महाराजांच्या देवळापुढं मानीबाईंनी त्याला उभं केलं. समोर दोनशे बाया, कडेला भावसिंग हसतोय.

"तांड्यात परदेशी हात नाही," खेमसिंग म्हणाला. "परदेशात हात हाय, तो माहा हाय. गटावरचा मजकूर मी टाकला, चुकून. पैशासाठी खोट्या नावानं लिवत होतो. मानीबाईले काहीच मालूम नव्हतं."

मागून एक म्हातारी उठली. "आमी तुह्याकडंच आंगठे लावतो, बापा. आमच्या नावानंबी लिवतं का काही?"

हा प्रश्न त्याला चाबकासारखा लागला. "नाही, माय," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "तुमचे तर खरे आंगठेबी उमटत नाहीत, खोटे कुठून आनू?"

बाया हसल्या. कोणीतरी म्हणालं, एवढं दीनवाणं तोंड करून माणूस खोटं बोलत नसतो. भावसिंग तेवढा हसायचा थांबला.

रविवारी मतदान झालं. आडवी बाटली: तीनशे एकोणीस! दुकान उठलं. मानीबाई त्या पायरीपाशी जाऊन थोडा वेळ बसल्या, मग पदरानं पायरी पुसून घरी आल्या.

पण जावयाची सुटका नव्हती. "त्या लोकायची माफी मांगा. सोताच्या नावानं."

खेमसिंगनं मुकाट्यानं त्या पानावर स्वतःच्या नावाचं खातं उघडलं, स्वतःचा फोटो लावला. अर्पितानं फोनवरून मजकूर त्यांच्या भाषेत करून दिला: 'मी खेमसिंग राठोड, दारव्हा, जिल्हा यवतमाळ. योहाना आणि बाकीचे एकोणचाळीस जण खोटे आहेत. ते मी लिहिले. तुमचं मत तुम्हीच ठरवा. मला माफ करा.' मानीबाई आणि खेमसिंगची बायको वैष्णवी शेजारी बसून बघत होत्या.

दहा मिनिटांत पान चालवणाऱ्यांचं उत्तर आलं, अर्पितानं ते मराठीत करून पाठवलं. खेमसिंगनं वाचलं, परत वाचलं आणि कपाळाला हात लावला. योहाना कोंबड्यांसकट जागच्या जागी होती. बाकीचे एकोणचाळीसही होते. पानावरून उडाला होता तो फक्त खेमसिंग!

"काय म्हणून राह्यले ते?" मानीबाईंनी विचारलं.

एकदा वाटलं, 'माफ केलं' म्हणून सांगावं आणि मोकळं व्हावं. पण आता खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"ते म्हणतेत, हा मानूस खरा वाटत नाही."

मानीबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं, मग लेकीकडं वळल्या.

"वैष्णवी, तुह्या लग्नात मी काय म्हणली होती?"