आईसाठी खाली घेतलेली गाडी

गॅरेजच्या टेबलावर मिस्त्रीनं तीन जातींच्या स्प्रिंगा मांडल्या होत्या आणि त्यातली एक निळी, एक लाल आणि एक काळी आहे, यापलीकडे चष्मेवाल्यांना काही कळत नव्हतं. मिस्त्री एकेक स्प्रिंग उचलून त्यांच्या हातात देई, तिचे गुण सांगे आणि शेवटी तेच विचारी.

“ही बरी वाटते, की ही?”

चष्मेवाल्यांना घाम फुटला. हाच प्रश्न ते उभा जन्म आपल्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना विचारत आले होते. डोळ्यापुढे एक भिंग, मग दुसरं भिंग, हे बरं की ते? गिऱ्हाईक गोंधळलं की ते मनातल्या मनात त्याला नावंही ठेवत. आता स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांच्या तोंडून गिऱ्हाइकाचंच वाक्य निघालं.

“पुन्हा आधीची दाखवा.”

मिस्त्रीनं पुन्हा निळी दाखवली. निळीनं गाडी थोडीच खाली बसेल, लालनं बरीच बसेल पण दणके लागतील, आणि काळी दाबत नेली की कडक होत जाते, असं त्यानं समजावलं. शिवाय नुसत्या स्प्रिंगा बदलून भागणार नाही, त्यांना जुळणारे आखूड शॉकअप टाकावे लागतील, नाहीतर गाडी उड्या मारेल. मग चाकांची अलाइनमेंट. चष्मेवाले प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मिस्त्रीकडे गाडी खाली घ्यायला यायची ती कॉलेजची पोरं, मागच्या काचेवर ज्वाळा रंगवणारी. हे डोक्याला टक्कल असलेले गृहस्थ बघून त्यानं न राहवून विचारलं, “साहेब, पण हे कशासाठी?”

“आईसाठी,” चष्मेवाले म्हणाले.

गोष्ट अशी होती. मावशी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दोघी बहिणींचा एकमेकींवर भारी जीव, त्यामुळे आई दर आठवड्याला तिच्याकडे जायची आणि जायची ती दोन बस बदलून, दुखरे गुडघे ओढत. दारात लेकाची गाडी उभी आणि आई बसथांब्यावर उभी, हे चष्मेवाल्यांच्या जिवाला फार लागलं होतं. शेजारीपाजारी काय म्हणत असतील, हे वेगळंच. शेवटी त्यांनी आईला सरळ विचारलं, तेव्हा ती इकडेतिकडे बघत म्हणाली, “अरे, तुझी गाडी फार उंच आहे रे. पाय चढत नाही.”

आता त्या घराची एक रीत होती. तिथे कुणी कुणाला तोंडावर ‘नको’ म्हणत नसे. सगळा दोष एखाद्या निर्जीव वस्तूवर ढकलायचा. सुनेनं आणलेली शाल आवडली नाही, तर आई म्हणायची, कपाटाला ओल आहे, शाल खराब होईल. चष्मेवाले स्वतः याच रीतीत वाढलेले. भाजी फसली, तर ते भूक नसल्याचा दोष हवेला देत. पण आईचं बोलणं मात्र त्यांनी अक्षरशः खरं मानलं, कारण त्यांना ते खरं हवं होतं.

“अहो, आणि बस काय बुटकी असते?” बायकोनं विचारलं होतं.

“बसला धरायला दांडा असतो,” चष्मेवाले म्हणाले आणि कामाला लागले. दोन डोळ्यांतलं अंतर मोजायची दुकानातली वीतभर पट्टी आणून, ती सरकवत सरकवत त्यांनी आईच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं. आई खुर्चीवर निमूट बसून राहिली. मुलाला नेमकं काय झालंय, हे तिला कळेना.

ते माप त्यांनी आता मिस्त्रीला दिलं. मिस्त्रीनं ते दोनदा वाचलं, डोकं खाजवलं आणि लाल स्प्रिंगा बसवल्या.

गाडी अशी खाली आली की बायको आत बसायला गेली ती आत पडलीच. घराच्या फाटकातून बाहेर पडताना खालून कर्रकन आवाज आला. चष्मेवाले गांगरले. आई मात्र फाटकाबाहेर गाडीकडे बघत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून असं वाटत होतं की ती दुसरं कारण शोधते आहे. सीटचा रंग, दाराची कडी, काहीतरी. काही सापडेना. शेवटी तिनं हातातली पिशवी छातीशी धरली आणि लेकाच्या शेजारी बसली.

पुढचा प्रवास चष्मेवाल्यांच्या कायम लक्षात राहणार होता. एरवी ते गाडी मजेत चालवत. लांबवरच्या पाट्या, दुकानांवरची बारीक अक्षरं, पुढच्या बसचा नंबर, सगळं मोठ्यानं वाचत आणि बाजूच्या माणसालाही वाचायला लावत, कारण नजरेची परीक्षा घेण्याची सवय काही दुकानात ठेवून येता येत नाही. आज एकही पाटी वाचली नाही. प्रत्येक गतिरोधक डोंगराएवढा दिसत होता. प्रत्येक खड्ड्याआधी ते गाडी जवळजवळ थांबवत, मग तिरकी घालत, मग श्वास सोडत. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमले. सायकलवाले पुढे निघून गेले.

मावशीच्या दारात पोचल्यावर आईला बाहेर काढायला बायको एका हाताला आणि मावशी दुसऱ्या हाताला लागली. आई उभी राहिली आणि तिनं कंबर सरळ केली. चष्मेवाल्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

“आई, चुकलंच माझं,” ते म्हणाले. “उद्याच जुन्या स्प्रिंगा परत बसवून घेतो.”

“नको,” आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले. त्या कुटुंबात हा शब्द इतका सरळ कुणी ऐकला नव्हता. चष्मेवाल्यांना वाटलं, पुढे एखाद्या वस्तूचं नाव येईल. ते आलं नाही.

“अरे, तुझ्या शेजारी बसायची मला भीती वाटायची,” आई म्हणाली. “गाडी चालवताना तू रस्ता सोडून सगळं वाचतोस. आज पहिल्यांदा समोर बघितलंस.”

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको मावशीच्या कुंडीतल्या रोपाकडे फार बारकाईनं बघत होती. मग त्यांनी गाडीकडे पाहिलं. तिची काय चूक होती आणि काय नव्हती, हे त्यांना काही केल्या उलगडेना.

आई दोन पायऱ्या चढून पुन्हा वळली.

“त्या मिस्त्रीला विचार,” ती म्हणाली, “अजून दोन बोटं खाली येते का.”