खजिन्याचं गेट बंद

रश्मी दाढ काढायला बारामतीला निघाली, आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे गंगारामांनी, ठरवलं की आपण नुसतं बसून बघायचं. हा माणूस नुसतं बसून बघेल यावर पिंपळी गावात एकाही शहाण्याचा विश्वास बसला नसता. पण दाढ ठणकत असली की पोरीलाही शहाणपण सुचत नाही.

रश्मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. कंपनीचा पैसा क्रिप्टोत, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नाण्यांत. खजिन्यातली नाणी कुठल्या पाकिटात चाललीत ते लॅपटॉपच्या डॅशबोर्डवर दिसायचं, आणि त्यावर नजर ठेवायची हे तिचं काम. सहा महिने कच्ची नोकरी झाली होती. पक्कं करायचं की घरी बसवायचं, ते सोमवारी ठरणार होतं.

"बाबा, लाल पट्टी आली तर फोन करा. खालचं बटण सगळे व्यवहार थांबवतं, त्याला हात लावायचा न्हाय."

"मला शिकवू नगंस. तीस वर्षं पाटकरी होतो मी."

(होते खरे. कालव्याच्या पाण्यावर पहारा द्यायला सरकारनं नेमलेले. तीस वर्षांत एकही पाणीचोर पकडला नाही. दोघातिघांच्या घरचं मटण मात्र मन लावून ओरपलं.)

त्या दिवशी त्यांच्याच उसाची पाण्याची पाळी होती. "अवो, रानात जा, पाणी वळवायला दाऱ्यावर थांबा," त्यांची बायको पुतळाबाई म्हणाल्या.

"पाणी काय पळून जातंय? हितं पोरीची नोकरी हाय!" असं म्हणत गंगारामांनी पडद्यापुढं मांडी ठोकली.

पंधरा मिनिटांत त्यांना सगळं कळलं. म्हणजे कळलं काहीच नाही, पण कळल्यासारखं वाटलं, आणि तेच जास्त घातक. खजिना म्हणजे धरण. हिरव्या रेघा म्हणजे कालव्याचे फाटे. तळाची बारकी पाकिटं म्हणजे टेलचे, कालव्याच्या पार शेवटच्या टोकाचे गरीब शेतकरी, कोरडे ठणठणीत! आणि हेडला, कालव्याच्या तोंडाशीच बसलेलं एक पाकीट भसाभसा ओढत होतं. एकदा न्हाय, चारदा.

"आगं ये, बघ ह्यो गडी! टेलला थेंब न्हाय आन् ह्यो एकटाच वढतोय!"

"लाल पट्टी आलीय का?"

"लाल कशाला पायजे? मला नुसत्या नजरेनं कळतंय."

"मग पोरीला फोन करा की."

"दाढ उपटून घेताना फोन कसा घेईल?"

आणि त्यांनी बटण दाबलं. सगळ्या रेघा जागच्या जागी थांबल्या. गंगारामांची छाती फुगली. नोकरीत असताना एवढं मोठं गेट त्यांनी कधी बंद केलं नव्हतं. पुतळाबाईंनी कपाळावर हात मारला आणि स्वतःच रानाची वाट धरली.

दहा मिनिटांत लॅपटॉप वाजायला लागला. रश्मीच्या साहेब, संजीवनी मॅडम, पडद्यावर आल्या.

"रश्मी कुठाय? व्यवहार कुणी थांबवले?"

"मी, मॅडम. तुमच्यात एक चोर हाय. हेडचा!"

मॅडमनी डोळे मिटले. "काका, ते पगाराचं खातं आहे. तिथूनच पुढं सगळ्यांचे पगार जातात. आज एक तारीख."

"व्हय का? मग कुणाची पाळी कवा, त्याचं पाळीपत्रक लावायचं न्हाय का भिंतीवर!"

रश्मी परतली ती तोंडात कापूस घेऊन. ओरडता येईना. तिनं वही ओढली आणि खसाखसा लिहिलं, 'बाबा, माझी नोकरी!' पेनानं कागद फाटला. डोळे भरून आले होते, आणि ते दाढेमुळं नव्हतं. गंगारामांना फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पुतळाबाई रानातनं आल्या. पाय कोरडे.

"आपलं पाणी शेजारच्या सिद्धूनं वळवून घेतलं. त्याचा मका भिजला, आपला ऊस तसाच."

"कवा?"

"तुमी हितं चोर धरत व्हता तवा!"

सोमवारी रश्मीची नोकरी पक्की झाली. मॅडम म्हणाल्या, "तुझं काम चोख आहे. डॅशबोर्डात मात्र एक सुधारणा करावी लागली."

मंगळवारी रश्मी चहा टाकायला उठली. गंगारामांनी सहज डोकावलं. हेडचा गडी पुन्हा ओढत होता! हात आवरेना. बटण दाबलं.

पडद्यावर ठळक मराठीत प्रश्न आला, 'आपण रश्मीचे वडील आहात काय?' खाली दोन चौकोन, होय आणि नाही.

गंगाराम हरखले. पार पुण्यापर्यंत आपली ओळख पोचली! त्यांनी चष्मा नीट बसवला आणि अभिमानानं 'होय' दाबलं.

लॅपटॉपला कुलूप लागलं, आणि स्वयंपाकघरात रश्मीच्या मोबाईलचा भोंगा वाजायला लागला.