पहिल्या रांगेतले तांगडे सर

डॉ. विश्वंभर तांगडे कार्यशाळेला येताना स्वतःचं ओळखपत्र स्वतःच घेऊन येतात. निळी फीत, प्लास्टिकचं पाकीट आणि आत एक कार्ड: 'डॉ. विश्वंभर तांगडे, सहभागी'. कशात सहभागी, हे त्यावर लिहिलेलं नाही, त्यामुळे ते सगळीकडे चालतं. आयोजकांची ओळखपत्रं छापून येईपर्यंत उद्घाटन उरकलेलं असतं, हा त्यांचा चौदा वर्षांचा अनुभव. म्हणून क्रांती चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी हे कायमस्वरूपी करून घेतलं. तांगडे सरांच्या आयुष्यात कायमस्वरूपी म्हणावी अशी ही एकच गोष्ट.

आम्ही एकाच महाविद्यालयात शिकवतो. मी इतिहास, ते वनस्पतिशास्त्र. मी कायम आहे, ते तासिका तत्त्वावर आहेत. ज्यांना हे तत्त्व माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: माणसानं वर्गात शिरलं की नोकरी सुरू होते, घंटा झाली की संपते, आणि सुट्टीत ती अस्तित्वातच नसते. माझ्या गुणवत्तेबद्दल कुणाचा गैरसमज नको म्हणून हेही सांगतो, की मी लागलो तेव्हा जागा जास्त होत्या आणि माणसं कमी. मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला होता, "सोमवारपासून येता येईल का?" तांगडे सरांना आजवरच्या मुलाखतींत सगळं विचारून झालंय, एवढा एक प्रश्न सोडून.

त्यांची पीएच.डी. गवतावर आहे. मराठवाड्याच्या माळांवर कोणकोणतं गवत उगवतं, हे त्यांनी पाच वर्षं गुडघ्यांवर बसून पाहिलं. त्यानंतर दोन वर्षं ते पोस्टडॉक होते. पीएच.डी. झालेल्या माणसाला नोकरी मिळेपर्यंत ठेवायचं कुठं, या प्रश्नाला व्यवस्थेनं शोधलेलं हे उत्तर. दोन वर्षं संपली, उत्तर संपलं, प्रश्न तसाच राहिला. गंगापूरला त्यांची आई असते. ती दर रविवारी फोनवर विचारते, "आता कितवीला हायेस रे बाबा?" सर म्हणतात, "संपत आलं, आई."

या शहरात संशोधकांच्या विकासाची सोय उत्तम आहे. नोकऱ्या नाहीत, पण नोकरीसाठी तयार कसं व्हावं याच्या कार्यशाळा बाराही महिने चालू असतात. शोधनिबंध कसा लिहावा, मुलाखत कशी द्यावी, स्वतःला बाजारात कसं मांडावं, ताण कसा घालवावा. या शेवटच्या कार्यशाळेला गर्दी सगळ्यात जास्त. प्रत्येक कार्यशाळा राष्ट्रीय असते. राष्ट्रीय म्हणजे आयोजकांचा मेव्हणा बिदरहून आलेला असतो.

तांगडे सर या सगळ्या कार्यशाळांना पहिल्या रांगेत, उजवीकडून तिसऱ्या खुर्चीत. समईची काडीपेटी सापडत नाही तेव्हा ती त्यांच्या पिशवीतून निघते. पाहुण्यांचा परिचय अर्ध्या तासाच्या वर गेला तरी ते वहीत टिपून घेतात. प्रमाणपत्र समारोपानंतरच मिळेल, अशी धमकी इतरांना द्यावी लागते, सरांना नाही. आणि समारोपात "सहभागींपैकी कुणीतरी दोन शब्द बोला" असं म्हटल्यावर सगळं सभागृह बुटांकडे पाहू लागतं, तेव्हा सर उठतात आणि सांगतात, "आज मला माझी दिशा सापडली." त्यांच्या सगळ्या दिशा मी ऐकल्या आहेत. एवढ्या दिशा कोणत्याही होकायंत्राला झेपायच्या नाहीत.

पाहुण्यांना हल्ली पुष्पगुच्छाऐवजी रोप देतात. पर्यावरणाची काळजी म्हणून. पाहुणे ते खुर्चीखाली विसरून जातात, आणि तांगडे सर ते घरी नेतात. त्यांच्या भाड्याच्या खोलीच्या गॅलरीत सत्काराची रोपं अशी दाटीवाटीनं उभी आहेत, की सरांना कपडे वाळत घालायला शेजाऱ्यांची दोरी मागावी लागते. एकदा मी विचारलं, "सर, ही सगळी जगतात?"

"जगत्यात की. मालक नाय म्हणल्यावर जगायलाच लागतं."

त्यांचा आवडता शब्द 'संधी'. गाडी पंक्चर झाली, संधी आहे, पायी जाऊ, बांधावरचं गवत बघता येईल. तास रद्द झाला, संधी आहे, वाचन होईल. मुलाखतीत नाव लागलं नाही की म्हणायचे, "पुढच्या वेळचा अनुभव जमा झाला ना, संधीच म्हणायची." प्रमाणपत्रांना निवडीत गुण असतात, म्हणून त्यांनी ती गोळा करायला सुरुवात केली. मग नियम बदलला, राज्यस्तरीय चालणार नाहीत. त्यांनी राष्ट्रीय जमवली. मग नियम बदलला, एक दिवसाची चालणार नाहीत. त्यांनी आठ दिवसांची जमवली. मग जुनी चालणार नाहीत असं ठरलं. तेव्हा मी स्टाफरूममध्ये म्हणालो, "तांगडे, हे नियम तुमच्याकडे बघूनच करतात बहुतेक." ते हसले नाहीत. वहीत नवा नियम उतरवून घेत होते. उभ्यानं. स्टाफरूममध्ये तासिकावाल्यांना खुर्ची नसते.

त्यांची स्थळं बघणं कधीच बंद झालं होतं. मुलीकडचे "मुलगा काय करतो" इथपर्यंत ठीक असायचे. "किती वर्षांपासून करतो" इथं बैठक मोडायची.

अशा माणसाला शिष्य मिळायचं कारण नव्हतं, पण मिळाली. नाझिया. शहागंजजवळ तिच्या वडिलांचं स्कूटरचे सीट कव्हर शिवायचं दुकान. ही पोर मातीतल्या बुरशीवर पीएच.डी. करत होती. तिचे अधिकृत मार्गदर्शक तीन समित्यांवर असल्यानं तिला सहीपुरते भेटायचे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला, नोंदी ठेवायला, प्रबंधाच्या चुका काढायला तिला शिकवलं तांगडे सरांनी. फुकट, आपले तास संपल्यावर. प्रबंधात त्यांचं नाव कुठंही नाही. ती पदवी घेऊन पेढे द्यायला आली तेव्हा सर म्हणाले, "आता खरी सुरुवात." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला तिची काळजी वाटू लागली.

तिच्यासाठी त्यांनी पोस्टडॉकच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. तीन महिने ते दुसरं काही बोलत नव्हते. निवड झाली तर ती दोन वर्षं आमच्याच महाविद्यालयात, त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणार होती. ज्यांना स्वतःला खुर्ची नव्हती, त्यांनी तिच्यासाठी टेबल मिळवलं. शिपाई मामांना धरून तळघरातून वर आणलं, एक पाय ठोकून घेतला आणि वर नवा कागद चिकटवला. त्या दिवसांत ते प्रयोगशाळेत एकटेच काहीबाही बोलताना दिसायचे. "ह्या बाजूला तिच्या बुरशीच्या बशा, ह्या बाजूला माझं गवत." मला वाटतं, चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणीतरी सहकारी मिळणार होतं. आम्ही होतो, पण आम्ही कायम होतो.

शिष्यवृत्तीचं पत्र आलं ते शनिवारी, आमच्याच महाविद्यालयात कार्यशाळा असताना. विषय, 'संशोधकांसाठी व्यावसायिक विकासाच्या संधी'. मी चहापान समितीचा प्रमुख. इतिहासाच्या माणसावर यापेक्षा मोठी जबाबदारी आमच्याकडे टाकत नाहीत. पुण्याहून आलेले मार्गदर्शक कोट घालून पडद्यावर बाण दाखवत होते. सगळे बाण वर जात होते.

चहाच्या सुट्टीत नाझिया आली. हातात दोन लिफाफे. तिचे वडील फाटकाबाहेर स्कूटरवर थांबले होते. सरांनी एक लिफाफा ओळखला आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी हातातली किटली खाली ठेवली.

"झालं नं? मी म्हणलो व्हतो! टेबल तयार हाये बघ."

"सर, एक और है," ती म्हणाली. "वाळूजची कंपनी. औषधांची. त्यांच्या लॅबमध्ये. मी अब्बूंच्या सांगण्यावरून अर्ज केला होता, तुम्हाला बोलले नाही. सोमवारी बोलावलंय. शिष्यवृत्तीवरपण सोमवारीच हजर व्हायचंय."

सरांनी दुसऱ्या लिफाफ्याकडे पाहिलं.

"मी शिष्यवृत्तीच घेते, सर. तीन महिने तुम्ही लई मेहनत केली. अब्बू गुस्सा करतील दोन दिवस. नंतर बोलतील."

"दोन्ही कागद दे इकडं," सर म्हणाले.

त्यांनी दोन्ही पत्रं वाचली. शिष्यवृत्तीच्या पत्रात मानधन 'निधीच्या उपलब्धतेनुसार' मिळणार होतं. या शब्दांशी त्यांची जुनी ओळख होती. एवढ्यात पुण्याचे मार्गदर्शक कप घेऊन आमच्यापाशी आले, पोरीच्या हातातले लिफाफे पाहून म्हणाले, "व्वा! कम्फर्ट झोन सोडा, एवढंच सांगेन," आणि बिस्कीट घेऊन पुढे गेले.

"सर, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?" नाझियानं विचारलं.

"मी काय केलं ते दिसतंय की तुला."

सरांनी वाळूजचं पत्र घडी घालून तिच्या हातात दिलं आणि दुसरं आपल्या खिशात ठेवलं.

"हे बघ. ही संधी नाय. ही नोकरी हाये. सोमवारी जायचं."

"लेकिन सर, माझी बुरशी? दोन वर्षांच्या बशा आहेत तिथं."

"बुरशी कुठं पळून जायची नाय. मी बघतो तिच्याकडं. तू तुझ्या अब्बूला सांग आधी, उन्हात हुभे राह्यलेत ते."

ती डोळे पुसत गेली. फाटकाबाहेर तिच्या वडिलांनी पत्र वाचलं, हेल्मेट काढलं, पुन्हा वाचलं. मग आमच्या दिशेनं हात वर केला. सर आत वळले होते. त्यांना दिसलं नाही.

समारोपाला प्राचार्यांनी सवयीनं जाहीर केलं, "आता डॉ. तांगडे सहभागींच्या वतीनं दोन शब्द बोलतील." पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. सभागृहानं बुटांकडे पाहिलं. शेवटी प्राचार्य स्वतःच म्हणाले की सर्वांना दिशा सापडली आहे, आणि राष्ट्रगीत झालं.

मी प्रयोगशाळेत गेलो. सर तिच्यासाठी आणलेल्या टेबलापाशी बसले होते. समोर कोरा कागद.

"शिष्यवृत्ती नको म्हणून कळवावं लागंल नं. पोरीला जमायचं नाय, रडंल. म्हणलं आपणच लिहून देऊ, ती सही करंल." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "पण सर, नाही कसं म्हणायचं, ह्याचा नमुना नाय हो माझ्याकडं. अर्जाचे हायेत, विनंतीचे हायेत, स्मरणपत्रं हायेत. हा कधी लागलाच नाय."

मला आयुष्यात एकच नोकरी मिळाली आणि मी तिला लगेच हो म्हणालो होतो, त्यामुळे माझ्याकडेही नव्हता. आम्ही दोघांनी मिळून तो कागद लिहिला. तीन ओळी व्हायला पाऊण तास लागला. 'सविनय' असावं की 'खेदपूर्वक', यावर सर बराच वेळ अडले. शेवटी त्यांनी दोन्ही खोडलं आणि नुसतं 'कळवते' ठेवलं.

सोमवारी सकाळी फिरून येताना मी क्रांती चौकात थांबलो. वाळूजच्या कंपन्यांच्या बसेस तिथून भरतात. डबे घेतलेली माणसं, निळे शर्ट, हॉर्न. त्या गर्दीत नाझिया तिच्या वडिलांबरोबर उभी होती. वडील तिला सारखं काहीतरी समजावत होते आणि ती मान हलवत होती. रस्त्याच्या अलीकडे एका उभ्या टेम्पोच्या आडोशाला तांगडे सर होते.

"इकडे कसे, सर?" मी विचारलं.

"काय नाय. सहजच."

"मग जा ना पुढे. भेटा तिला."

"नको. मला बघितलं तर रस्ता ओलांडून यायची, दोन वाक्यं बोलायची. कंपनीची बस कुणासाठी थांबत नाय." त्यांनी घड्याळ पाहिलं. "पहिला दिवस हाये."

बस आली. आमच्याकडे तिची मागची बाजू होती, दार पलीकडे. माणसं चढली, वडिलांनी हात केला आणि बस सुटली. वडील ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले, मग स्कूटर चालू करून शहागंजकडे गेले. ते गेल्यावर सर टेम्पोच्या मागून बाहेर आले.

"भरलेली व्हती का हो बस? तुम्ही जरा तिकडं हुभे व्हते. तिला जागा मिळाली का बसायला?"

मला बसच्या धुळीपलीकडे काहीही दिसलं नव्हतं.

"मिळाली," मी म्हणालो.

"खिडकीपाशी?"

"खिडकीपाशी."

त्यांनी मान हलवली. मोकळ्या झालेल्या रस्त्याकडे ते अजून पाहत होते.

"मग बरंय," ते म्हणाले. "लांब पडतं वाळूज."