मावशींना उठवू नका

"एकतर नोकरी बदला, नाहीतर गाडी," हाडांच्या डॉक्टरांनी मुलीला सांगितलं. नोकरी तिच्या आवडीची होती. डोळ्यांच्या दवाखान्यात ती चष्म्याचे नंबर काढायची. घर शहराच्या एका टोकाला आणि दवाखाना दुसऱ्या, त्यामुळे जायला एक तास, यायला एक तास. तिच्या गाडीची सीट अशी होती, की दवाखान्यात उतरल्यावर पहिली पाच मिनिटं ती जमिनीवर काहीतरी शोधत असल्यासारखी चालायची.

गाडी वडिलांची होती. वडील ड्रायव्हिंग शिकवायचे. शिकवणीच्या गाडीला ब्रेक दोन असतात, एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसणाऱ्या शिक्षकाच्या. सुट्टीच्या दिवशी हीच गाडी घरची व्हायची. मग वडील चालवायला बसायचे, शेजारी आई, आणि दुसरा ब्रेक आपोआप आईच्या ताब्यात यायचा. "तुझा पाय आहे म्हणून मी निर्धास्त असतो," असं वडील लग्नानंतर पहिल्याच फेरीत म्हणाले होते, बहुधा गमतीने. आईने ते गमतीने घेतलं नाही. पुढची चाळीस वर्षं तिने गाडीत पाठ टेकली नाही. कुत्रं दिसलं की ब्रेक. सायकल दिसली की ब्रेक. कुत्रं दिसेल असं नुसतं वाटलं, तरी ब्रेक. मागे बसलेल्या मुलीचं नाक लहानपणी पुढच्या सीटवर इतक्या वेळा आपटलं, की ते थोडं बसकं राहिलं याचं खापर ती आजही आईवर फोडते.

वडील जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. गोळ्या झाल्या, कोमट दूध झालं, दोन्ही माम्यांनी फोनवरून शिकवलेले श्वासाचे दोन वेगवेगळे प्रकार झाले. "जरा पडते गं," म्हणून आई आडवी व्हायची आणि छताकडे बघत राहायची. विचारलं तर म्हणायची, "लागला होता की डोळा." दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघणाऱ्या मुलीला हे खोटं पकडायला यंत्र लागत नव्हतं. पण करायचं काय, हेही तिला कळत नव्हतं.

रविवारी सकाळी ती शोरूममध्ये गेली. आईला घरी एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून बरोबर घेतलं. सेल्समन पस्तिशीचा, टाय थोडा वाकडा, बोलणं मात्र सरळ.

"रोजच्या येण्याजाण्यासाठी ना ताई? मग हीच. ऑटोमॅटिक आहे, गिअरची कटकट नाही. सीट कंबरेला धरून ठेवते. आत आवाज येत नाही. दिवसभर चालवा, अंग दुखणार नाही."

"दिवसभर नको हो. दोन तास पुरेत."

अकरा वाजता टेस्ट ड्राइव्ह सुरू झाली. मुलगी चालवायला, शेजारी आई, मागे सेल्समन. शोरूमच्या फाटकातून बाहेर पडताच समोर रिक्षा आली आणि आईचा पाय झटकन पुढे गेला. तिथे नुसतंच पायपुसणं होतं. आईने ते दाबलं. पुन्हा दाबलं. मग वाकून खाली बघितलं.

"अहो, इथला ब्रेक कुठाय?"

सेल्समन पुढे झुकला. "ब्रेक ताईंच्या पायाशी आहे मावशी."

"तो तिचा. माझा कुठाय?"

"तुम्हाला नसतो मावशी."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही. तुम्ही नुसतं बसायचं."

आईने वळून त्याच्याकडे बघितलं. गाडीत बसून नुसतं बसायचं, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मुलीला वाटलं, आता वाद होणार. पण आईने पाय मागे घेतले, एकावर एक ठेवले आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाठ टेकली. सीटने तिला धरलं. दुसऱ्या वळणावर तिचे डोळे मिटले आणि तिसऱ्यावर ती घोरायला लागली. बारीक, लयीत, दूर कुठेतरी शिवणाचं मशीन चालावं तशी.

पुढे सिग्नल लागला. गाडी थांबली आणि घोरणंही थांबलं. आईच्या पापण्या हलल्या. मुलीने श्वास रोखला. दिवा हिरवा झाला, गाडी निघाली, मशीन पुन्हा सुरू झालं.

"ताई, इथून उजवीकडे," सेल्समन म्हणाला. "संपला आपला राउंड."

"हळू बोला," मुलगी कुजबुजली. "चार महिन्यांनी झोपलीये हो ती. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. गाडी थांबली की उठेल. अजून एक चक्कर मारू?"

सेल्समनने घड्याळ बघितलं. मग आरशात दिसणारा आईचा चेहरा बघितला. तोंड थोडं उघडं, मान एका बाजूला.

"सरळ घ्या," तोही कुजबुजला. "पुढे गोल चौक आहे. तिथे सिग्नल नाही."

गोल चौकाच्या चौथ्या फेरीला त्याचा फोन थरथरला. साडेअकराचं गिऱ्हाईक शोरूमवर येऊन बसलं होतं आणि टेस्ट ड्राइव्हची गाडी ही एकच होती. सेल्समनने तोंडावर हात धरून त्यांना चौकातच यायला सांगितलं. दहा मिनिटांत एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी फुटपाथवर येऊन उभे राहिले. मुलीने गाडी जेमतेम सरकती ठेवली, सेल्समनने आतून दार उघडलं, आणि सत्तरीचं ते जोडपं चालत्या गाडीत चढलं. बाईंनी तर नवऱ्यापेक्षा सफाईने उडी मारली.

"हा काय प्रकार—" मुख्याध्यापकांनी सुरुवात केली. त्यांचा आवाज मैदानाच्या पलीकडच्या पोरांना रांगेत उभं करण्यासाठी घडलेला होता.

"शू!" तिघांनी एकदम केलं.

आईने कूस बदलली. मुख्याध्यापक आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प करत आले होते, त्यांना कुणी गप्प केल्याची ही पहिलीच वेळ असावी. ते इतके चकित झाले, की खरोखरच गप्प बसले. एवढ्यात गाडी टिंग टिंग वाजायला लागली. मागे कुणीतरी पट्टा लावला नव्हता. अंधारात सुई ओवावी तसे तीन जण एकमेकांच्या मांडीखाली पट्टा शोधू लागले. पट्टा सापडला, तो मुख्याध्यापकांच्या खाली. त्यांनी तो लावला आणि हाताची घडी घालून बसले.

"डिकी केवढी आहे हो?" त्यांच्या पत्नीने सेल्समनच्या कानात विचारलं.

"दोन मोठ्या बॅगा," त्याने त्यांच्या कानात सांगितलं.

मधे बसलेल्या मुख्याध्यापकांनी दोन्हीकडून ऐकलं आणि नुसती मान हलवली.

पुढचा फोन शोरूमच्या मॅनेजरचा होता.

"कुठे आहात तुम्ही? गाडी गेली ती गेली, मागून पाठवलेली माणसंही गायब!"

"सर, मला आत्ता बोलता येत नाही," सेल्समन कुजबुजला.

"का?"

"गाडी थांबवता येत नाही, सर. नंतर सांगतो."

मग मॅनेजरचाही आवाज खाली आला. "तुम्हाला कुणी धरून ठेवलंय का? नुसतं हो किंवा नाही म्हणा."

तेवढ्यात बाईंनी पुढचं वळण घ्यायचं का असं विचारलं आणि सेल्समन त्यांना म्हणाला, "हो, हो." मग फोन ठेवला.

सात मिनिटांनी मोटारसायकलवरचा एक हवालदार गाडीच्या बाजूला आला आणि त्याने हात दाखवला. मुलीने वेग चालण्याइतका केला, काच चार बोटं खाली घेतली आणि ओठांवर बोट ठेवलं. हवालदाराने आत बघितलं. मागच्या सीटवर तिघेजण ओठांवर बोट ठेवून बसले होते. पुढे एक बाई घोरत होत्या.

"गाडी पळवल्याची तक्रार आहे," तो गोंधळून म्हणाला, पण म्हणाला कुजबुजतच. ती गाडी बघून कुणालाही मोठ्याने बोलवत नव्हतं.

"माझी आई आहे. चार महिने झोपली नाहीये. थांबलं की जागी होते."

हवालदार थोडा वेळ गाडीबरोबर रेंगाळला. सेल्समनने मागून आपलं ओळखपत्र दाखवलं आणि मान डोलावली. मुख्याध्यापकांनी हात वर करून आपण स्वखुशीने आलो असल्याचं खुणेने सांगितलं.

"कालव्याच्या रस्त्याने जा," हवालदार म्हणाला. "खड्डे कमी आहेत. मधला सिग्नल मी बघतो."

आणि त्याने खरंच बघितला. पुढच्या चौकात तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, तिन्ही बाजूंची वाहनं अडवली, आणि मंत्र्यालाही सहज मिळू नये अशी मोकळी वाट आईला मिळाली. त्याने वायरलेसवर कुजबुजत सगळं ठीक असल्याचं कळवलं. पलीकडून विचारणा झाली, की तो का कुजबुजतोय, त्यालाही धरलंय का.

कालव्याच्या रस्त्यावर सावली होती. गाडीत कुणी बोलत नव्हतं. मुलीला बऱ्याच दिवसांनी स्वतःचा श्वास ऐकू आला. मागे बसलेल्या तिघांची तिला नावंही माहीत नव्हती, आणि ते तिच्या आईच्या झोपेला असे जपत होते, जणू घरातलंच कुणी आजारातून उठलंय. आभार मानायचे तर आवाज करावा लागला असता. म्हणून तिने खड्डा दिसला की गाडी आणखी हळू केली.

एक वाजता पेट्रोलचा काटा तळाला टेकला. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत कुणी टाकी भरून ठेवत नाही. इलाज नव्हता. मुलीने गाडी शोरूमच्या आवारात आणली आणि पीस ठेवावं इतक्या अलगद थांबवली. मॅनेजर हातवारे करत धावत आला. चार बोटं चार ओठांवर गेली. तो जागच्या जागी थिजला.

आईने डोळे उघडले. तोंड पुसलं. ताणून आळस दिला.

"आलं का? लवकर आलं." मग मागे बघितलं. "अगं, ही एवढी माणसं कोण?"

"मावशी," सेल्समनचा आवाज आशेने कापत होता, "कशी वाटली गाडी?"

"छान आहे हो. सीट तर फारच छान." आईने सीट थोपटली. "पण ही नको."

"का?"

"झोप येते हिच्यात. माझं सोडा, मी काय नुसती बसणार. पण हिला रोज दोन तास चालवायची आहे. चालवताना डोळा लागला पोरीचा, म्हणजे?"

सेल्समनने मान खाली घातली. तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला.

"आम्हाला द्या ही. आजच."

"अगं, पण आपण अजून चालवून कुठे बघितली?" मुख्याध्यापक म्हणाले. ते अजूनही कुजबुजतच होते.

"बघितलं ना," बाई नवऱ्याकडे प्रेमाने बघत म्हणाल्या. "दीड तास गप्प बसलात. संसारात पहिल्यांदा. मला आणखी काही बघायचं नाही."

मुलीने सेल्समनचे दोन्ही हात हातात घेतले. "ताई, माझी गाडी खपली," तो म्हणाला. "मावशींना जपा."

त्या दिवशी आई चार घास जास्त जेवली. "घाई नको करूस," जेवताना म्हणाली. "दुसऱ्या कंपन्यांच्याही बघू. आहे काय नि नाही काय."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मुलीने शहरातल्या सगळ्या शोरूमचे नंबर काढले. एकूण चौदा निघाले. कंबर ठणकत होती. खुर्चीवर पाठीशी उशी घेऊन तिने पहिला फोन लावला.

"हो, आरामशीरच हवी," ती म्हणाली. "रविवारी येतो आम्ही दोघी. फक्त एक सांगा, टेस्ट ड्राइव्हच्या आधी टाकी पूर्ण भरून ठेवता येईल का?"