चौकातली दामिनी

तिवस्याच्या चौकात सगळ्यात उंच बॅनर आपल्या पोरीचा लागणार, असं नत्थुजीनं ठरवून टाकलं होतं! मुंबईचं नंबर एकचं मेडिकल कॉलेज! पोरीनं काय ठरवलं, हे विचारायला त्याला सवड नव्हती. आपल्याकडे पोरगी कुठं डॉक्टर होते? बापाची इज्जत डॉक्टर होते!

दामिनीला अकोला पाहिजे होतं. तिथं मावशी होती, शनिवारी घरी येता आलं असतं, जीव रमला असता. मार्क असे की प्रवेशाच्या पसंतीत जे वर टाकेल ते मिळणार. आणि पसंती भरायची मुदत आज संध्याकाळपर्यंतच.

"अकोल्याले कोनीबी जाते!" असं गरजून नत्थुजी फ्लेक्सवाल्या अनुपच्या दुकानात शिरला. "मांगं काळा रंग टाक, रॉयल दिसते. फोटोले हार घाल. दोन्हीकून समया पेटव!"

"काका, हे जरासं..."

"पोरगी तुही हाय का माही?"

दुपारी बॅनर लागला. झाडाचं पान हलत नव्हतं. बॅनरवरची दामिनी तेवढी हलत होती.

घरी माणसं येऊ लागली. अंगणात बसली. कोणी बोलेना, कोणी पेढा घेईना, उठताना कोणी 'येतो' म्हणेना.

"जळून राहिले साले!" नत्थुजी बायकोच्या कानात कुजबुजला.

शेजारची गंगूबाई पिठलं-भाकर घेऊन आली. "आज चूल पेटवू नोको वो, मनकर्णा. लय हासरी होती पोरगी!"

"होती?" मनकर्णा दचकली.

तेवढ्यात दामिनी चहा घेऊन बाहेर आली. चार घास धड पोटात नाहीत, तोंड पांढरंफटक, डोळे खोल गेलेले. गंगूबाईनं किंकाळी फोडली! अंगणातल्या साऱ्या नजरा पोरीच्या पायांवर. उलटे तर नाहीत?

"गंगूमावशी, मी जित्ती हाओ."

गंगूबाईनं भीत भीत बोट लावलं. "हात थंडगार हाय वो!"

नत्थुजीच्या डोळ्यांपुढं काळा रंग आला, हार आला, समया आल्या. मग त्यानं समोरच्या पोरीकडं पाहिलं. बॅनरवरची आणि ही, दोघींतली जास्त जिवंत कोणती, हे त्या बापाला सांगता येईना!

"दामिने, तू हासली कवा होती वं?"

"तुमी मुंबई म्हनाले, त्याच्या आदल्या दिशी."

नत्थुजीनं तिच्या हातातला चहा काढून घेतला. "अकोला टाक वरते! आत्ताच्या आत्ता!"

दामिनीनं मोबाईल काढला, अकोला वर टाकलं आणि खदखदून हसली. ते हसू ऐकून दोन माणसं कुंपणावरून उड्या टाकून पळाली!

नत्थुजी धावतच अनुपकडं गेला. "समया काढ, हार काढ, मुंबई काढ, पोरीचा फोटो काढ!"

"मंग राहिलं काय, काका?"

"मी हाओ ना! माहा फोटो टाक मोठा. काळा रंग राहू दे, रॉयल दिसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजीनं दार उघडलं, तर गंगूबाई पिठलं-भाकर घेऊन उभी! ती त्याच्या पायांकडं पाहत होती.