चिखलाच्या गोळीचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, सगुणा नावाची एक भिंगरी राहायची. भिंगरी म्हणजे तो चपळ, दुभंगल्या शेपटीचा पक्षी, जो खडकाच्या छताला चिखलाचं घर चिकटवतो. तुम्ही पाहिला नसेल. तुमच्या माना नेहमी खाली असतात. असो.

सगुणेला अंडी व्हायची होती आणि घराचा पत्ता नव्हता. गोष्ट एवढ्याचीच आहे.

त्या जंगलात भिंगऱ्यांची रीत अशी, की पहिलं घर नवऱ्याने बांधायचं. सगुणेच्या नवऱ्याचं नाव रंगोबा. रंगोबा आळशी नव्हता हो, उगाच कोणाला नावं ठेवू नयेत. तो घाबरट होता. खडकाच्या कपारीखाली जाऊन त्याने कोऱ्या छताकडे पाहिलं आणि तो तसाच मागे फिरला.

"एवढं मोठं घर माझ्याच्याने कसं व्हायचं?" तो म्हणाला.

"मामंजींनी बांधलंच की," सगुणा म्हणाली. "चोचीत चिखल आणायचा, छताला लावायचा, परत जायचं. त्यात काय एवढं?"

"त्यांच्यापुढे कलेचे प्रश्न नव्हते."

घरातलं माणूस असं बोलायला लागलं, की समजावं, बाहेर कोणीतरी गुरू भेटलाय. सगुणेने ते ओळखलं आणि ती कपाळाला पंख लावून बसली.

गुरू होते कोकीळगुरुजी. आंब्याच्या फांदीवर त्यांचं घरटेबांधणी शिबिर भरायचं. गुरुजींनी स्वतः जन्मात घरटं बांधलेलं नव्हतं. त्यांच्या घराण्यात तशी पद्धतच नाही. मुलंबाळं कावळ्यांकडे वाढतात. त्यामुळे घरटं या विषयाकडे ते अगदी तटस्थपणे बघू शकत.

"घर बांधू नकोस," गुरुजींनी रंगोबाला सांगितलं. "घराचा विचारसुद्धा करू नकोस. विचार केलास की भीती वाटणार. तू फक्त एक गोळी कर. चिखलाची एक छोटी गोळी. मोठं काम आपोआप होतं."

सल्ला वाईट नव्हता. सगुणेलाही पटला. भिंगऱ्यांची घरं गोळ्यागोळ्यांनीच तर होतात. रंगोबा गव्यांच्या डबक्यावर गेला, चोचीत चिखल घेऊन आला आणि त्याने एक सुबक गोळी केली. सगुणा आनंदाने छताखाली सरकली, त्याला जागा दाखवायला.

रंगोबाने गोळी छताला लावली नाही. त्याने ती एका सपाट दगडावर ठेवली. मग मागे सरून तिच्याकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि पंखाने तिला गुळगुळीत केलं.

"अहो, लावा ना," सगुणा म्हणाली. "वाळेल ती."

"लावणं हा पुढचा टप्पा आहे. आत्ता मी गोळीत आहे."

गोळी वाळली. वाळलेली गोळी कशालाच चिकटत नाही, हे भिंगरीच्या अंड्यातल्या पिल्लालाही ठाऊक असतं. रंगोबालाही ठाऊक होतं. पण शिबिराला गेलेला जीव तो, जन्मजात अक्कल बाहेर चपलांसारखी काढून आत गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरी गोळी केली. ती पहिलीपेक्षा गोल झाली आणि तो फार खूश झाला.

असं करता करता दगडावर गोळ्यांची रांग लागली. आणि एके दिवशी तिथून मोर गेला.

मोर हा जंगल कला परिषदेचा अध्यक्ष. त्याला घर लागत नाही, सभागृह लागतं. तो गोळ्यांपाशी थांबला आणि पिसारा फुलवून त्याने त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. म्हणजे त्याला काही कळलं नव्हतं.

"ह्यात घर दिसतं मला," तो शेवटी म्हणाला. "न बांधलेलं घर."

"मलाही तेच दिसतं रोज," सगुणा वरून म्हणाली. पण तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

झालं. गोळ्यांचं प्रदर्शन ठरलं. रंगोबाला पळसाच्या पानाची शाल आणि एक बेलफळ मिळालं. बेलफळ त्याच्याच्याने उचलेना, ते तिथेच राहिलं. मग जो तो गोळ्या करू लागला. सशाने केल्या, मुंगसाने केल्या, सायाळीने केल्या आणि स्वतःच्याच काट्यांना टोचून मिरवल्या. गव्यांच्या डबक्यातला चिखल तळापर्यंत खरवडून निघाला. गव्यांना लोळायला जागा उरली नाही, पण त्यांनीही कौतुक केलं. न करून सांगतात कोणाला, अरसिक म्हणतील ना.

इकडे सगुणेचं पोट जड झालं होतं. तिला उडताना धाप लागायची. तिला भीती वाटायची, अगदी खरीखुरी भीती, की अंडी उघड्या दगडावर पडतील आणि धामण येऊन गिळून जाईल.

"अहो, आज-उद्याचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "कुठे घालू अंडी? शालीवर?"

"अगं, घाई केली की दर्जा घसरतो," रंगोबा म्हणाला. "आणि उद्या संमेलन आहे. मला गोळीवर बोलायचंय."

सगुणा रडली. मग तिने डोळे पुसले आणि रीतभात गुंडाळून ठेवली. घर आपणच बांधायचं ठरवून दुसऱ्या दिवशी ती डबक्यावर गेली. तिथे तळाचा दगड लागला होता. चिखल होता, पण सगळा प्रदर्शनात.

प्रदर्शन संमेलनातच मांडलं होतं, ती तडक तिथे गेली. भरदुपारी, सगळ्यांच्या देखत. मोर उद्घाटनाचं भाषण करत होता आणि श्रोते डोळे मिटून ऐकत होते. सगुणेने मांडणीतली पहिली गोळी उचलली, ओढ्यात बुडवली, चोचीने मळून मऊ केली आणि नेऊन छताला लावली. गोळी चिकटली. सगुणेला इतकं बरं वाटलं, की तिने तिथल्या तिथे एक गिरकी घेतली.

मग ती जातच राहिली. मोराचं भाषण संपेपर्यंत घराचं बूड झालं. परिसंवादात भिंती उभ्या राहिल्या. त्या संमेलनात आभारप्रदर्शनच दोन दिवस चाललं, त्यात दाराची नळीसुद्धा झाली. गोळ्या नाहीशा होताहेत हे कोणाच्याही ध्यानात आलं नाही, कारण गोळ्यांकडे बघायला कोणी आलंच नव्हतं. सगुणा घरात शिरली आणि तिने अंडी घातली.

शेवटी फोटो काढायच्या वेळी बोंब झाली. मांडणी रिकामी! चिखलाचा माग ओढ्यापर्यंत होता आणि तिथून कपारीपर्यंत. सगळं संमेलन कपारीखाली जमलं. वर ते घर होतं, ओलसर, गोलमटोल, आणि दारातून सगुणेची चोच दिसत होती.

"पुरस्कारप्राप्त गोळ्यांचा हा विध्वंस आहे," मोर म्हणाला. "घर फोडा. गोळ्या सोडवून परत मांडा."

माकडं वर चढू लागली. सगुणा अंड्यांवर घट्ट बसली. तिने खाली नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी हा बोलेल, असं तिला वाटलं.

रंगोबा बोलला. शाल सारखी करून तो पुढे आला आणि म्हणाला, "थांबा. हा माझाच पुढचा टप्पा आहे."

माकडं थांबली. कोकीळगुरुजींनी मान डोलावली. "मी म्हणालो नव्हतो का, आपोआप होतं म्हणून?" मग त्यांनी घराभोवती एक चक्कर मारली आणि ते दारापाशी जरा रेंगाळले. "दार तेवढं अरुंद झालंय," ते म्हणाले. "पाहुण्यांचा विचार व्हायला हवा होता."

"बाईसाहेब," मोराने वर बघून विचारलं, "हे घर यांचंच का?"

सगुणेच्या चोचीत खूप काही आलं होतं. तिला त्या शालीच्या चिंध्या करायच्या होत्या. पण तिच्या पोटाखाली अंडी नुकती ऊब धरत होती आणि माकडं अजून कपारीच्या काठाला लोंबकळत होती.

"यांचंच," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. रंगोबाला दुसरी शाल मिळाली आणि पुढच्या शिबिरात गुरुजींच्या शेजारची फांदी. तिथे तो अजून शिकवतो. कपारीखाली परिषदेने पाटी लावली, 'कलाकृतीत शिरू नये'. सगुणा पाटीवर बसून पंख झटकायची आणि आत शिरायची.

पिल्लं झाली, मोठी झाली. एकाने दारातून डोकं काढून विचारलं, "आई, घर बाबांनी बांधलं ना?"

"हो," सगुणा म्हणाली. "मी बांधत होते तेव्हा ते संमेलनात बोलायला गेले होते. तेवढी त्यांची मदत झाली."

तात्पर्य: मोठ्या कामाची सुरुवात नेहमी छोट्या तुकड्यांपासून करावी. तुकडे आपण करावेत, शाल आपण घ्यावी आणि ते जोडायला घरात एक अरसिक माणूस ठेवावं.